‘पॉम पॉम डार्लिंग’ आणि आपण वाचक

कुर्रतुलऐन हैदर यांचे पुस्तक उघडण्याआधीच उर्दू वाचकाला त्यांच्याविषयी पुष्कळ माहिती असते. त्या सज्जाद हैदर यल्दरम यांच्या कन्या. आई नज्र सज्जाद हैदर, त्याही नामांकित कादंबरीकार. जन्म १९२७ चा, अलिगढचा. वडील अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे रजिस्ट्रार होते, पुढे सरकारी नोकरीत अंदमानला गेले, त्यामुळे बालपणाचा काही काळ पोर्ट ब्लेअरला. मग डेहराडून, मग लखनौ. लखनौच्या इझाबेला थॉबर्न कॉलेजात शिक्षण, इंग्रजी विषय घेऊन एम.ए. चित्रकलेचे शिक्षण वेगळेच. ‘फूल’ या लाहोरच्या बालमासिकात लहान वयातच गोष्ट छापून आलेली. ही सगळी हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, ज्यांनी ‘आग का दरिया’ची चाळीस पानेही वाचलेली नाहीत त्यांनाही ती तोंडपाठ असते.

या माहितीचे वाचकांनी काय केले, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. सुरुवातीच्या काळात तिचे आरोपपत्र झाले. बंगल्यात वाढलेली मुलगी बंगल्याविषयीच लिहिणार, तिला खऱ्या हिंदुस्थानची काय खबर, असा तो सूर होता. पुढे मोठे सन्मान आले. १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार आला, १९८९ चे ज्ञानपीठ आले आणि २००७ साली त्यांचे निधन झाले. तेव्हापासून त्याच माहितीचा कसीदा झाला आहे. ती तहजीब, ते लखनौ, ती घराणी आता कुठे राहिली, असे उसासे टाकत आपण ‘ऐनी आपां’ची आठवण काढतो. आरोप करणारा आणि उसासे टाकणारा हे दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात. वास्तविक दोघांची वाचण्याची रीत एकच आहे. दोघेही घराकडे बघतात. कथा बाजूलाच राहते.

आरोपांपैकी सर्वांत गाजलेला आरोप इस्मत चुगताई यांचा. ‘पॉम पॉम डार्लिंग’ हे त्यांच्या लेखाचे नावच अजून म्हणीसारखे वापरले जाते. ऐनींच्या सुरुवातीच्या कथांमधली ती लाडाची नावे, त्या पार्ट्या, दिवाणखान्यात बसून चालणारे ते अर्धे इंग्रजी संवाद, या सगळ्यांची इस्मत आपांनी यथेच्छ थट्टा केली आहे. थट्टा करण्यात त्यांचा हात धरणारे उर्दूत कोणी नव्हते, त्यामुळे ती जिव्हारी लागली आणि टिकली. पण गंमत अशी की, इस्मत आपासुद्धा लखनौच्या त्याच कॉलेजातून बी.ए. झालेल्या. नंतर अलिगढला बी.टी. केले, म्हणजे आमच्याच शिक्षकी बिरादरीतल्या. मुंबईत शाळा तपासणीचे कामही त्यांनी केले. तेव्हा हा आरोप झोपडीतून बंगल्यावर झालेला नाही. एका शिकलेल्या मुस्लिम बाईने दुसऱ्या शिकलेल्या मुस्लिम बाईला ‘तू आपल्या घराबाहेर पाहा’ असे सांगितले, एवढेच. शिवाय इस्मत आपांना स्वतःला काय भोगावे लागले होते? १९४२ च्या ‘लिहाफ’नंतर लाहोरच्या कोर्टापर्यंत खेटे घालावे लागले, आणि वाचक कथेपेक्षा ‘ही बाई कोण, हिला हे कसे माहीत’ याचाच शोध घेत राहिले. ज्या चष्म्यातून लोकांनी त्यांच्याकडे पाहिले, तोच चष्मा त्यांनी धाकटीसाठी उचलला. मला इस्मत आपा अतिशय प्रिय आहेत, म्हणून हे जास्त टोचते.

बाई लिहिते तेव्हा आधी तिचा पत्ता शोधायचा, ही सवय एकट्या उर्दूची नाही. १९३३ साली मराठीत ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर म्हणजे नेमकी कोण, याची केवढी चर्चा झाली! मालतीबाईंनी टोपणनावाचा आडपडदा घेतला होता. ऐनींच्या आईनेही तेच केले होते. लग्नाआधी ‘तहजीब-ए-निसवां’सारख्या पत्रांत त्या ‘बिंते नज्रुल बाकर’ या नावाने लिहीत, म्हणजे नज्रुल बाकर यांची मुलगी. लेखिकेचे स्वतःचे नाव त्या सहीत कुठेच नाही. एका पिढीने ‘अमक्याची मुलगी’ अशी सही केली, आणि पुढच्या पिढीतल्या मुलीने पूर्ण नावानिशी लिहायला घेतले, तर वाचकांनी तिला पुन्हा ‘अमक्याची मुलगी’च करून टाकले. स्वतःच्या नावाची ती सही या मुलीच्या फारशी कामी आली नाही, असेच म्हणावे लागेल.

आता त्या कथांकडे वळू. ‘सितारों से आगे’ हा पहिला संग्रह १९४७ चा. लेखिकेचे वय विशीचे. वडील जाऊन चार वर्षे झालेली. या पुस्तकाविषयी जे ऐकून असतो त्यावरून वाटते की, पानोपानी मोटारी आणि पियानोच असणार. ते आहेतही. पण ज्या कथेवरून संग्रहाला नाव मिळाले ती कथा कशात घडते? बैलगाडीत. रात्रीची वेळ आहे, कम्युनिस्ट विचारांची काही तरुण मंडळी खेड्याकडे पक्षाच्या कामाला निघाली आहेत, करतार सिंग गाणे आळवतो आहे आणि हमीदा नावाची शिकलेली मुलगी त्या गाण्याला, त्या अंधाराला आणि आपल्या स्वतःच्या क्रांतिकारकपणालाही कंटाळली आहे. बाहेर फारसे काही घडत नाही. जे घडते ते डोक्यात. एक विचार दुसऱ्याला धक्का देतो, गाणे मध्येच येते, जुनी आठवण येते, आणि गाडी चालत राहते.

म्हणजे जी टीका पुरोगामी मंडळींनी पुढे ऐनींवर केली, ती वरच्या वर्गातल्या तरुणांची खेड्याविषयीची हौस, ती हौस या मुलीने आधीच टिपून ठेवली होती. तीही उपदेश न करता. हमीदा वाईट मुलगी नाही. ती मनापासून आली आहे, पण मनापासून येणे पुरत नाही हे तिला गाडीतच कळू लागले आहे. मला ही कथा त्या काळच्या कितीतरी घोषणाबाज कथांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते. आरोप करणाऱ्या किती जणांनी ती शांतपणे वाचली असेल, देव जाणे.

तरीही सुरुवातीचे सगळे लेखन उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. त्यात मोठा दोष आहे आणि तो इस्मत आपांच्या तीक्ष्ण कानांनी अचूक पकडला होता. या कथांतली माणसे एकमेकांसारखी बोलतात. नावे झाकली तर कोण बोलते आहे ते कळत नाही. सगळ्यांना तीच गाणी आवडतात, सगळे त्याच वेळी उदास होतात. एका कथेतली मुलगी उचलून दुसऱ्या कथेत ठेवली तरी काही बिघडत नाही. मी एका सुट्टीत हा संग्रह सलग वाचला आणि चौथ्या-पाचव्या कथेनंतर माझा गोंधळ उडू लागला. इस्मत आपांनी याचे कारण वर्गात शोधले. या मुलीला एकच थर माहीत आहे म्हणून सगळे सारखे, असे त्यांचे निदान. माझे मत इथे वेगळे आहे.

‘मेरे भी सनमखाने’ ही पहिली कादंबरी १९४९ ची. अवधमधल्या तालुकदार घराण्याची गुफ्रान मंझिल, तिथली रखशंदा, पीचू आणि त्यांचे हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान असे मित्रमंडळ. हे सगळे मिळून मासिक चालवतात, वाद घालतात, नाटके करतात, प्रेमात पडतात आणि पडलो नाही असे दाखवतात. या कादंबरीला नायक नाही. नायिका आहे म्हणायची तर रखशंदा, पण तीही त्या घोळक्यातून सुटी करता येत नाही. ‘आम्ही’ हाच या कादंबरीचा खरा कर्ता आहे. मग फाळणी येते आणि घोळका फुटतो. कोणी मारले जाते, कोणी सरहद्दीपलीकडे जाते, रखशंदा एकटी उरते. इथे आल्यावर आधीच्या दोन-तीनशे पानांतला तो एकसुरीपणा वेगळाच दिसू लागतो. सगळे एका आवाजात बोलत होते म्हणूनच तो आवाज बंद झाल्यावर इतकी शांतता जाणवते. प्रत्येकाला वेगळे व्यक्तिमत्त्व दिले असते, तर आपण सुट्या सुट्या माणसांसाठी हळहळलो असतो. इथे एक ‘आम्ही’ मरतो.

आणि दहा वर्षांनी, १९५९ साली, ‘आग का दरिया’ आली. इसवी सनापूर्वीच्या श्रावस्तीपासून फाळणीनंतरच्या काळापर्यंत पसरलेली ही कादंबरी. गौतम, चंपा, कमाल, हरिशंकर, ही नावे युगामागून युगे परत येतात. माणूस तोच आहे की दुसरा, हे लेखिका सांगत नाही. चंपा एका काळात एक असते, दुसऱ्या काळात दुसरी, आणि तरीही चंपाच. सुरुवातीच्या कथांतली जी खोड होती, एका मुलीच्या जागी दुसरी ठेवता येण्याची, तीच इथे कादंबरीची मांडणी झाली आहे. माणसे अदलाबदल करण्याजोगी का असतात, काळ त्यांना कसा वापरतो, हा प्रश्नच तिथे विषय बनतो. ‘पॉम पॉम डार्लिंग’मध्ये ज्याची टिंगल झाली ते बीज होते. टिंगल करणाऱ्याला बीज दिसायलाच हवे होते असे नाही. पण आज, पूर्ण झाड समोर असताना, आपण अजून तीच टिंगल पुढे चालवावी हे बरे नाही. आणि ‘उर्दूची व्हर्जिनिया वूल्फ’ असे लेबल लावून मोकळे होणेही बरे नाही. संज्ञाप्रवाहाचे तंत्र त्या काळात हवेतच होते. आपल्याकडे मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ १९४२ चीच ना! ऐनींचे वेगळेपण तंत्रात नाही. एका माणसाच्या मनाऐवजी त्यांनी घोळक्याचे मन लिहिले, त्यात आहे.

आता एक आक्षेप, जो मला खोटा वाटत नाही. तो आमच्या मालेगावातल्या एका सहकाऱ्याने घेतला. ऐनींची घराणेकथा ‘कार-ए-जहाँ दराज है’ १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिचा पहिला भाग त्यांनी कसाबसा पुरा केला आणि परत करताना म्हणाले, “यात सय्यदांचे शजरे आहेत. आमचा शजरा कोण लिहिणार?” नेहटौरच्या सय्यद घराण्याचा शोध घेत लेखिका कितीतरी शतके मागे जाते. विणकराच्या मुलाला आजोबांच्या पलीकडचे नाव सांगता येत नाही. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने अश्राफ आणि अजलाफ हा भेद उघडपणे मांडला, त्यानंतर वाढलेल्या वाचकाने हा प्रश्न विचारला नाही तरच नवल. कुणाचे जगणे साहित्यात येते, हे विचारायला आपल्याला दलित साहित्याने शिकवले. तो प्रश्न मी सोडणार नाही. माझे म्हणणे एवढेच की तो प्रश्न पुस्तक उघडून विचारावा.

उघडून विचारला तर काय होते, याचा मला थोडा अनुभव आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. गेल्या काही वर्षांत दहावी-बारावी होऊन गेलेल्या पाच-सहा मुली आणि दोन सहकारी शिक्षिका, असे आम्ही अधूनमधून बसून वाचतो. मुलींच्या घरी यंत्रमाग आहेत, म्हणजे मालकीचे नव्हेत, वडील-भाऊ कामाला जातात. माझी अटकळ होती की, लखनौच्या या बंगल्यांत त्यांचा जीव गुदमरेल. ‘आग का दरिया’तला लखनौचा भाग वाचायला घेतला तेव्हा तरुण मंडळींचे वाद सुरू असताना मुली खरोखरच जांभया देत होत्या. मग ड्रायव्हर कदीर आला, गंगादीन आला, नोकरचाकरांचे बोलणे सुरू झाले आणि एक मुलगी एकदम हसली. “मिस, ही तर दादी बोलते!” म्हणाली.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते, तरी मला वाटले. १८५७ नंतर अलाहाबाद, बनारस, आझमगढ, मऊ या भागांतून मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले आणि मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत स्थिरावले. दीडशे वर्षे झाली, पण घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचे पूरबी वळण अजून पुरते गेलेले नाही. शाळेत आम्ही ते वळण दुरुस्त करतो. तो आमच्या कामाचा भाग समजला जातो. आणि उर्दूतल्या सर्वांत ‘इंग्रजाळलेल्या’ समजल्या गेलेल्या लेखिकेने मात्र ते जसेच्या तसे ठेवले. मुली त्या घरात शिरल्या त्या मागच्या दाराने शिरल्या, पण शिरल्या. त्यानंतर दिवाणखान्यातले वादही त्यांनी ऐकले, आणि नोकरांच्या कानांनी ऐकले. “हे लोक एवढे बोलतात, यांना चहा कोण देतो ते यांना दिसते का?” असे एकीने विचारले. या प्रश्नाइतकी चांगली समीक्षा मी बी.एड.च्या वर्गात तरी ऐकली नव्हती. लेखिकेला ते दिसत होते, म्हणून तर कदीर कादंबरीत आहे. तिच्या पात्रांना दिसत नव्हते. लेखिका आणि पात्र यांतला हा फरक समीक्षकांनी कित्येक वर्षे केला नाही, तो या मुलीने चहाच्या पेल्यावरून केला.

मग आम्ही ‘अगले जनम मोहे बिटिया न कीजो’ ही लघुकादंबरी वाचली. ज्यांना ऐनी म्हणजे फक्त बेगमा आणि बॅरिस्टर वाटतात त्यांनी ती जरूर वाचावी. रश्क-ए-कमर आणि जमीलुन या दोन गरीब बहिणी. एक गाणारी, दुसरी पायाने अधू. गाण्याच्या मैफली, फसवणूक, सरहद्दीपलीकडचे व्यर्थ हेलपाटे, आणि शेवटी पोटासाठी चिकनचे भरतकाम. कापडावर नाजूक बेलबुट्टी काढायची आणि मजुरी हातात पडते ती अगदी क्षुल्लक. त्या भागापाशी वाचन थांबले. मुली मजुरीचा हिशेब करू लागल्या. साडीमागे काय मिळते, रोल भरायचे काय मिळते, कांडी भरणाऱ्या बाईला काय मिळते. त्या संध्याकाळी कादंबरीविषयी आणखी काही बोलणे झाले नाही आणि मला ते करावेसेही वाटले नाही.

हे सांगताना मला भीती वाटते ती एका गोष्टीची. कोणी म्हणेल, बघा, शेवटी गरिबांविषयी लिहिले तेव्हाच ऐनी मोठ्या झाल्या. तसे मी म्हणत नाही. ‘अगले जनम’मधली जमीलुन ज्या नजरेने पाहिली आहे, ती नजर बैलगाडीतल्या हमीदाला पाहणारीच आहे. दयेचा गहिवर नाही, निवाडा नाही. विशीतल्या मुलीने आपल्याच वर्गातल्या आपल्यासारख्याच मुलीकडे आधी तसे पाहिले, म्हणून पुढे दुसऱ्या वर्गातल्या बाईकडे तिला तसे पाहता आले. सुरुवातीचे लेखन वगळून ही गोष्ट समजत नाही.

मुंबईत ऐनी बरीच वर्षे राहिल्या. १९६४ ते १९६८ ‘इंप्रिंट’मध्ये, त्यानंतर १९७५ पर्यंत ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये काम केले. मराठी साहित्यविश्वाला त्यांची फारशी दखल घ्यावीशी वाटली नाही, आणि उर्दूवाल्यांना त्या मराठी मुलखात राहतात याचे काही वाटले नाही. असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

माझ्यापुढचा विषय जास्त जवळचा आहे. आपल्या मुस्लिम मराठी साहित्यात नवा लिहिणारा आला की, आपणही पहिला प्रश्न त्याच्या घराचा विचारतो. सुस्थितीतला असेल तर ‘तुला समाजाची काय माहिती’, आणि वस्तीतला असेल तर ‘वस्तीचेच लिही’. पहिल्याला गप्प करतो, दुसऱ्याला कोंडून ठेवतो. वस्ती, दंगल, तलाक आणि माग, या चार खोल्यांबाहेर आपली मुलगी कथेत फिरायला गेली तर आपल्यालाच चुकल्यासारखे होते. आमच्या वाचनातल्या एका मुलीने कथा लिहिली. लग्नघरात जमलेल्या मुली, त्यांची एकमेकींना ठेवलेली वेडीवाकडी नावे, रात्रभर गच्चीवर चाललेल्या गप्पा. वडील मागावर कामाला जाणाऱ्या मुलीने ही कथा लिहिली, हे लक्षात घ्या. एका अंकाकडे पाठवली तेव्हा ती परत आली. यात समाजाचे प्रश्न कुठे आहेत, असा शेरा होता.

कथा माझ्याकडे आहे. निर्दोष नाही. सहा मुली आहेत आणि सहाही जणी एकाच सुरात बोलतात. मी तिला ‘सितारों से आगे’ वाचायला दिले आहे आणि सोबत इस्मत आपांचा लेखही दिला आहे. दुसरा खर्डा ती ईदनंतर दाखवणार आहे. गच्ची काढणार नाही, असे आधीच बजावून गेली आहे.